ब्लॉगचा लेख कुठे टाकावा: सोशल न्यूज साइट्सची दारे आणि घड्याळे

लेख लिहून झाला की तो पाच-सहा साइटवर एकाच दिवशी टाकून मोकळे व्हायचे, अशी पद्धत पडली आहे. त्यासाठी तयार टूल्सही मिळतात: बटण एकदा दाबले की दुवा सगळीकडे. यातून वाचक क्वचितच मिळतात, डोमेन स्पॅमच्या यादीत जाण्याची सोय मात्र चांगली होते. या साइट्स वरवर सारख्याच दिसतात. दुवा, त्याचे शीर्षक, शेजारी मते, खाली चर्चा. पण तीन गोष्टी प्रत्येकीच्या वेगळ्या असतात: दारावर कोण उभे आहे, घड्याळ किती जोरात पळते, आणि लेखकाने स्वतःचाच लेख आणून टाकला तर तिथली मंडळी त्याकडे कशी बघतात. तुलना करायची ती या तीन गोष्टींवर. साइटला महिन्याला किती लोक भेट देतात हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण दारातच अडवलेल्या लेखाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधी यादी साफ करून घेऊ. जुन्या लेखांमधून आजही फिरणाऱ्या याद्यांत स्टंबलअपॉन, डिलिशस, पॉकेट ही नावे असतात. स्टंबलअपॉन जून २०१८ मध्ये बंद झाले, डिलिशस २०१७ मध्ये पिनबोर्डने विकत घेतले, आणि पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झाले. ज्या यादीत ही नावे अजून आहेत, त्या यादीतला बाकीचा सल्लाही तेवढाच शिळा समजावा.

दारावर कोण

सगळ्यात जुना प्रकार संपादकांचा. १९९७ मध्ये सुरू झालेल्या स्लॅशडॉटवर बातमी कुणीही सुचवू शकतो, पण पहिल्या पानावर काय जाईल ते संपादक ठरवतात. तिथे नुसता दुवा देऊन भागत नाही, सोबत छोटा गोषवारा लिहावा लागतो आणि निवड झाली तर बहुधा त्याच्याच आधारे बातमी लागते. म्हणजे सगळी मेहनत त्या गोषवाऱ्यावर घ्यायची. १९९९ च्या फार्कवरही निवड साइट चालवणारेच करतात, आणि तिथे भाव आहे तो मिश्किल मथळ्याला. गंभीर तांत्रिक लेख तिथे नेऊ नये.

दुसरा प्रकार मतदारांचा: डिग (२००४), रेडिट (२००५), आणि प्रोग्रामर मंडळींची हॅकर न्यूज (२००७). डिगचे काय झाले ते माहीत असलेले बरे, कारण आपोआप टाकलेल्या दुव्यांची या जगात एवढी चीड का आहे ते त्यातून कळते. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने चौथी आवृत्ती आणली. तिच्यात प्रकाशकांना आपली आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप अद्ययावत होणारी यादी) जोडून लेख आपोआप सबमिट करण्याची मुभा मिळाली, आणि नावडता दुवा खाली ढकलण्याचे बटण काढून टाकण्यात आले. वापरणाऱ्यांनी निषेध म्हणून डिगचे पहिले पान रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले आणि मग मोठ्या संख्येने तिकडेच मुक्काम हलवला. २०१२ मध्ये डिगचे नाव आणि साइट सुमारे ५ लाख डॉलरना विकली गेली. २०२५ मध्ये मूळ संस्थापक केविन रोझ यांनी रेडिटचे सहसंस्थापक अ‍ॅलेक्सिस ओहानियन यांच्यासोबत ते परत घेतले खरे, पण जुन्या डिगचे दिवस डोळ्यांपुढे ठेवून कुणी आज हिशेब मांडू नये.

तिसरा प्रकार निमंत्रणाचा. लॉबस्टर्स (२०१२) आणि टिल्ड्स (२०१८) इथे आतल्या सदस्याने बोलावल्याशिवाय खाते उघडत नाही. मेटाफिल्टर (१९९९) निमंत्रण मागत नाही, त्याऐवजी खात्यासाठी एकदाच ५ डॉलर घेते. रक्कम किरकोळ आहे, पण शंभर खोटी खाती उघडणाऱ्याला ती जड जाते, आणि तोच हेतू आहे.

घड्याळाचे गणित

मतांवर चालणाऱ्या साइटवर 'किती मते' या प्रश्नाला एकट्याला अर्थ नसतो. 'किती वेळात' हा खरा प्रश्न.

हॅकर न्यूजच्या क्रमवारीचे प्रसिद्ध असलेले सूत्र असे: मतांमधून १ वजा करा, दुवा टाकून झालेल्या तासांत २ मिळवा, त्या बेरजेचा १.८ वा घात घ्या आणि पहिल्या संख्येला त्याने भागा. हातानेच करून पाहू. १ तासात ५ मते मिळाली तर वर ४, खाली ३ चा १.८ वा घात म्हणजे सुमारे ७.२, भागाकार ०.५५. हाच भागाकार १० तासांनंतर टिकवायचा असेल तर जवळजवळ ५० मते लागतात, आणि २४ तासांनंतर १९५ च्या आसपास. प्रत्यक्षात या सूत्रावर काही दंड आणि मॉडरेटरांचे (चर्चेवर देखरेख ठेवणाऱ्यांचे) हातही चालतात, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नयेत. पण घसरगुंडीचा उतार असाच आहे. पहिल्या तासाभरात चार-पाच अनोळखी लोकांना लेख आवडला नाही, तर संध्याकाळपर्यंत कितीही मते आली तरी गाडी चुकलेलीच असते.

रेडिटचे गणित निराळे. त्यांचा कोड २०१७ पर्यंत खुला होता, त्यामुळे 'हॉट' क्रमवारीचे जुने सूत्र सगळ्यांनी पाहिलेले आहे: निव्वळ मतांचा (बाजूची वजा विरुद्ध) दहाच्या पायावरचा लॉगरिदम, अधिक टाकल्याच्या वेळेचे एका ठरावीक तारखेपासून मोजलेले सेकंद भागिले ४५,०००. आता ४५,००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. त्यामुळे पहिल्या १० मतांचे वजन जेवढे, तेवढेच त्यापुढच्या ९० मतांचे. आणि साडेबारा तास उशिरा आलेला १० मतांचा दुवा आधीच्या १०० मतांच्या दुव्याच्या बरोबरीला येऊन बसतो. आज रेडिटचे मुखपृष्ठ प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे वेगळे दिसते, तरी सुरुवातीच्या मतांचे माप मोठे ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रेडिटवर नकारात्मक मतही असते. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत तीन जणांनी खाली ढकलले की लेख संपला.

मेटाफिल्टरवर हे काहीच लागू नाही. तिथे पहिले पान सरळ तारखेप्रमाणे लागते.

रेडिट: एक साइट नव्हे, हजारो दारे

'रेडिटवर टाकला' या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या सबरेडिटवर, म्हणजे रेडिटमधल्या कोणत्या विषयाच्या मंडळात, ते सांगावे लागते. प्रत्येक सबरेडिटचे मॉडरेटर वेगळे, नियम वेगळे. स्वतःचे लेख कुठे शनिवारीच चालतात, कुठे आठवड्याच्या एका ठरलेल्या धाग्यात, कुठे अजिबात नाहीत. ब्लॉगचा दुवा चालत नाही पण लेखाचा गाभा मजकूर म्हणून लिहून शेवटी दुवा दिलेला चालतो, अशाही जागा बऱ्याच आहेत. हा शेवटचा मार्ग लोक आळसाने सोडून देतात. लेखातला सगळ्यात उपयोगी भाग, म्हणजे कोडचा तुकडा, तक्ता किंवा मोजमाप, तिथेच द्यायचा आणि सविस्तर वाचायचे असेल त्याच्यासाठी खाली दुवा. ब्लॉगवर येणारे कमी होतात, पण जे येतात ते वाचतात.

टाकण्याआधीची कामे क्रमाने अशी. उजवीकडचे नियम पूर्ण वाचा, चिकटवलेली पोस्ट वाचा. मग त्याच सबरेडिटच्या शोधात आपला विषय टाकून गेल्या वर्षभरात काय चालले आणि काय आपटले ते बघा. फ्लेअर, म्हणजे पोस्टवर लावायची विषयाची चिठ्ठी, सक्तीचा आहे का ते तपासा. तो न लावलेली पोस्ट कित्येक ठिकाणी ऑटोमॉडरेटर (नियम तपासणारा बॉट) लगेच काढतो. हाच ऑटोमॉडरेटर नवे खाते आणि कमी कर्मा असलेल्यांनाही अडवतो. कर्मा म्हणजे आपल्या पोस्ट-कमेंटना मिळालेल्या मतांतून साठलेले गुण, इथे गाठीला बांधलेले पुण्य. ते किती लागेल हे मॉडरेटर बहुधा सांगत नाहीत, कारण सांगितले की स्पॅमवाले तेवढेच जमवून येतात. शीर्षकाला ३०० अक्षरांची मर्यादा आहे आणि टाकल्यावर ते बदलता येत नाही, तेव्हा शुद्धलेखन आधीच तपासावे.

'दहा टक्के' हा शब्द वारंवार ऐकू येतो. दहा पोस्टपैकी एकापेक्षा जास्त स्वतःची नको, असा रेडिटचा जुना दंडक होता. साइटभर तो आता तसा लागू नाही, पण अनेक सबरेडिट तोच धरून चालतात. मॉडरेटर तुमच्या नावावर क्लिक करतो, प्रोफाइलवर एकाच डोमेनचे दुवे ओळीने दिसतात आणि त्याचा निर्णय पाच सेकंदांत होतो.

आता नेहमीची तक्रार: 'टाकला, पण एकही मत नाही, एकही कमेंट नाही.' अशा वेळी लेखाला दोष देण्याआधी पोस्ट दिसते आहे का ते पाहा. ब्राउझरची खासगी विंडो उघडा, लॉगिन न करता त्या सबरेडिटची 'न्यू' यादी बघा. तिथे आपली पोस्ट नसेल तर ती गाळली गेली आहे. टाकणाऱ्याला मात्र ती स्वतःच्या खात्यात जशीच्या तशी दिसू शकते. मग त्याच विंडोत आपले प्रोफाइल उघडा. 'असे पान नाही' म्हणाले तर अडचण खात्याची आहे आणि रेडिटकडे अपील करावे लागेल. प्रोफाइल दिसते, फक्त पोस्ट दिसत नाही, तर मॉडमेलवर (सबरेडिटच्या मॉडरेटरांना निरोप पाठवण्याच्या सोयीवर) दोन ओळी लिहा: पोस्टचा दुवा, लेख माझाच आहे हे कबूल, नियमात बसत नसेल तर काय बदलू. पुन्हापुन्हा टाकत बसू नये, त्याने फिल्टरचा संशय पक्काच होतो. दुवा आखूड करणाऱ्या सेवेतून दिलेला पत्ता हेही गाळले जाण्याचे ठरलेले कारण. पूर्ण पत्ता द्यावा.

हॅकर न्यूज: पहिल्या पानावर ३० जागा

सबमिशनचा अर्ज अगदी साधा आहे: शीर्षक, पत्ता, मजकूर. शीर्षकाला ८० अक्षरे. दुव्याला नकारात्मक मत नसते, पण फ्लॅग (दुवा इथे नको अशी तक्रार) असतो, आणि ३० च्या वर कर्मा असलेला कुणीही तो लावू शकतो. कमेंटला खाली ढकलायला मात्र ५०० च्या वर कर्मा लागतो. नव्या खात्याचे नाव हिरव्या रंगात दिसते, त्यामुळे आजच खाते उघडून आजच स्वतःचा लेख टाकला हे सगळ्यांना दिसते. साइट इंग्रजी आहे. दुसऱ्या भाषेतला लेख तिथे चालत नाही.

स्वतःचे लिखाण टाकायला बंदी नाही. अधूनमधून टाका, पण साइटचा मुख्य वापर प्रचारासाठी नको, असे नियमावली सांगते. 'शो एचएन' हा शब्द मथळ्यापुढे लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो लोकांना स्वतः वापरून पाहता येईल अशा गोष्टीसाठी आहे. ब्लॉगचा लेख त्यात बसत नाही, आणि लावला तर काढला जातो.

मथळ्याबाबत तिथले लोक फार काटेकोर आहेत. मूळ लेखाचाच मथळा द्यावा हा नियम, पण मूळ मथळा भडक असेल तर तो सौम्य करून द्यावा हाही नियम. समजा लेखाचे नाव आहे 'डेटाबेस सुसाट करण्याचे ७ जबरदस्त उपाय!' यातले उद्गारचिन्ह जाते, 'जबरदस्त' जाते, '७' सुद्धा जाते, आणि उरते 'डेटाबेस वेगवान कसा करावा'. हे इतके सपक वाटते की कुणी उघडणार नाही, आणि ते खरेच आहे. इलाज साइटवर नाही, लेखात आहे: ब्लॉगवरच त्याचे नाव 'एक इंडेक्स बदलल्यावर ४ सेकंदांची क्वेरी ४० मिलिसेकंदांवर कशी आली' असे ठेवले असते तर कापायला काही उरले नसते. इथला आकडा मोजमापाचा आहे, यादीतल्या कलमांचा नाही, म्हणून तो राहतो.

मित्रांना मत द्यायला सांगणे हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. ग्रुपवर दुवा टाकला, दहा मिनिटांत बारा मते आली, बहुतेक खाती नवी किंवा वर्षभर झोपलेली. याच खुणा पकडण्यासाठी सॉफ्टवेअर बसवलेले आहे. मते धरली जात नाहीत, दुवा खाली जातो, आणि पुनःपुन्हा झाले तर डोमेनवरच बंदी येते. रेडिटवरही हाच प्रकार, तिथे खाते जाते. मग पुढे कुणी परक्या वाचकाने मनापासून तुमचा लेख टाकला तरी तो कुणाला दिसत नाही. नुकसान असे लांबचे असते.

आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट: मतांपेक्षा कमेंट खूप जास्त झाल्या की भांडण पेटले असे समजून सॉफ्टवेअर तो धागा खाली आणते. त्यामुळे स्वतःच्या लेखाखाली प्रत्येक टीकाकाराशी हुज्जत घालत बसणे हे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे. चूक दाखवली तर लेख दुरुस्त करावा, लेखात दुरुस्तीची तारीख टाकावी आणि कमेंटमध्ये 'दुरुस्त केले, आभार' एवढे लिहून पुढे जावे.

लॉबस्टर्स आणि छोटी घरे

लॉबस्टर्स संगणकशास्त्र आणि प्रोग्रामिंगपुरते आहे. कुणी कुणाला बोलावले याचे झाड सर्वांना दिसते. तुम्ही गोंधळ घातला तर बोलावणाऱ्याची मान खाली जाते, म्हणून निमंत्रण मागताना आधी त्या माणसाशी काही ओळख असावी. प्रत्येक दुव्याला किमान एक टॅग लावावा लागतो, आणि नको असलेले टॅग वाचक स्वतःपुरते बंद करून ठेवू शकतो. म्हणजे टॅग चुकला तर ज्यांना लेख हवा होता त्यांनाच तो दिसत नाही. लेख माझाच आहे असे सांगणारी खूण फॉर्ममध्येच आहे, ती लावावी. आपल्या एकूण दुवे-कमेंटमध्ये स्वतःच्या गोष्टी पाव हिश्शापेक्षा कमी असाव्यात, असा तिथला ढोबळ मापदंड आहे. नव्या सदस्याला सुरुवातीचे ७० दिवस अशा डोमेनचा दुवा टाकता येत नाही, जे साइटवर आधी कधी आलेले नाही. आपला ब्लॉग नवा असेल तर निमंत्रण मिळाल्या दिवशी काही करता येणार नाही हे धरूनच चालावे.

मेटाफिल्टरच्या पहिल्या पानावर स्वतःचा दुवा टाकला तर खाते जाते. ५ डॉलरही जातात. त्यासाठी 'प्रोजेक्ट्स' नावाचा वेगळा विभाग आहे; तिथे आपले काम मांडायचे, आणि कुणाला आवडले तर तो पहिल्या पानावर नेतो. टिल्ड्सवर नकारात्मक मत नाही, चर्चा संथ आणि लांब. प्रचार करणाऱ्याला तिथे थारा नाही.

लेमीचे वेगळेपण असे की ती एक साइट नसून एकमेकींना जोडलेल्या अनेक सर्व्हरांचे जाळे आहे. २०२३ मध्ये रेडिटने एपीआयसाठी (बाहेरच्या अ‍ॅप्सना रेडिटची माहिती पुरवणाऱ्या सोयीसाठी) पैसे लावले तेव्हा बरीच मंडळी तिकडे गेली. एकाच विषयाचे समुदाय तीन-चार सर्व्हरवर असतात. त्यातला जिवंत कोणता हे शेवटची पोस्ट कधीची आणि तिच्याखाली किती कमेंट यावरून कळते. सदस्यसंख्येवर जाऊ नये.

सर्व्हर आणि मोजणी

एखादा दुवा वर चढला की साइट कोसळते. याला नावच 'स्लॅशडॉट इफेक्ट' पडले. दोष बहुधा बँडविड्थचा नसतो. प्रत्येक भेटीला पान नव्याने तयार करणारा ब्लॉग असेल, तर शंभर लोक एकदम आले की डेटाबेसची कनेक्शन संपतात आणि उरलेल्यांना कोरी त्रुटी दिसते. पानांचा कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) चालू करा आणि तो खरेच लागतो आहे का हे लॉगआउट करून तपासा, कारण लॉगिन केलेल्या मालकाला बहुतेक प्लगइन कॅश न लावलेलेच पान दाखवतात. मोठी चित्रे आकसून घ्या. सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) असेल तर चित्रांबरोबर लेखाचे एचटीएमएल पानही त्यावरून जाते का ते पाहा. आणि न्यूजलेटरसाठी नोंदणी करा म्हणणारी खिडकी त्या दिवसापुरती बंद ठेवा. हॅकर न्यूजवर अशी खिडकी उघडली की चर्चा लेखाची न होता खिडकीचीच होते.

पत्त्याला यूटीएमची, म्हणजे वाचक कुठून आला हे मोजणाऱ्या खुणांची, शेपटी लावू नये. तशा दुव्याकडे लोक प्रचार म्हणून बघतात. मोजायचेच तर सर्व्हरच्या नोंदीतला रेफरर (वाचक ज्या पानावरून आला त्याचा पत्ता) पुरतो, फक्त मोबाइल अ‍ॅपमधून आलेले कित्येक वाचक 'डायरेक्ट' खात्यात पडतात हे लक्षात ठेवावे.

शोधयंत्रातल्या क्रमवारीसाठी हे सगळे करावे का? अशा साइटवरच्या दुव्यांना बहुधा 'नोफॉलो' असते, म्हणजे हा दुवा क्रमवारीत धरू नये अशी शोधयंत्रासाठीची खूण. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने नोफॉलो हा आदेश न मानता सूचना मानू असे जाहीर केले, तरी त्यावर विसंबण्यात हशील नाही. उपयोग होतो तो आडवाटेने: पहिल्या पानावर लेख वाचलेल्या एखाद्याने पुढे आपल्या लेखात तुमचा दुवा दिला तर. संख्येने असे थोडे असतात, पण तेच वर्षानुवर्षे टिकतात.

दुसऱ्यांदा टाकताना

लेख पडला म्हणजे वाईट होता असे नाही. पहिल्या तासात योग्य माणूस जागा नव्हता एवढेच कारण अनेकदा असते. हॅकर न्यूजवर दुव्याकडे फारसे लक्ष गेले नसेल तर थोड्या वेळा पुन्हा टाकायला मुभा आहे. गेल्या वर्षभरात त्यावर भरपूर चर्चा झाली असेल तर मात्र तो पुनरावृत्ती म्हणून बाद होतो. चांगले पण दुर्लक्षित राहिलेले दुवे वेचून मॉडरेटर त्यांना दुसरी संधीही देतात, आणि कधी लेखकाला मेल करून पुन्हा टाकायला सांगतात. म्हणून प्रोफाइलमध्ये मेलचा पत्ता नोंदवून ठेवावा. पुन्हा टाकण्याआधी आपल्या आधीच्या दुव्याच्या मथळ्याशेजारी दिसणाऱ्या डोमेनच्या नावावर क्लिक करा. हॅकर न्यूज, लॉबस्टर्स आणि जुन्या रूपातले रेडिट, तिन्हीकडे त्या डोमेनवरून आजवर आलेले दुवे एका यादीत दिसतात. आपल्या डोमेनच्या यादीत सगळी नावे आपलीच असतील तर दुसऱ्यांदा टाकणे महिनाभर पुढे ढकला आणि त्या महिन्यात इतरांच्या लेखांखाली चार नीट कमेंट लिहा. यादीत एक-दोन अनोळखी नावे दिसली, तर त्यांनी कोणता लेख उचलला आणि त्याला मथळा काय दिला ते बघून ठेवा. बहुतेक वेळा तो मथळा तुमच्यापेक्षा बरा असतो.